नाणेफेक किती वेळा झाली?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळचा विषय : स्विचबॅक प्रयोग

एखाद्या बदलाचा परिणाम मोजताना माणसांचे दोन गट पाडण्याऐवजी वेळेचे तुकडे पाडायचे, आणि प्रत्येक तुकड्यात सगळ्या शहराला किंवा सगळ्या गोठ्याला एकच पर्याय द्यायचा, कधी जुना, कधी नवा. ही स्विचबॅकची पद्धत. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत.

आमच्या घरपोच जेवणाच्या ॲपमध्ये रायडरला ऑर्डर वाटून देण्याचा नवा नियम आणला. ग्राहकांचे नाणेफेकीने दोन गट केले. जुन्या नियमाच्या गटाला जेवण सरासरी ३९ मिनिटांत मिळालं, नव्या नियमाच्या गटाला ३१ मिनिटांत. आठ मिनिटांचा फायदा पाहून नियम सगळ्यांना लागू केला, तर सरासरी ३५. प्रयोगाआधीही ती ३५च होती. आठ मिनिटं गेली कुठे? (डेटा ॲनालिस्ट, पुणे)

उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. ३९ आणि ३१ यांची सरासरी ३५. नव्या नियमाने एकही मिनिट वाचवलेलं नाही. त्याने जवळचे रायडर उचलून नव्या गटाला दिले आणि जुन्या गटाच्या वाट्याला लांबचे ठेवले. एकाच टाकीवरच्या दोन नळांपैकी एकाला मोटर लावली की दुसऱ्याची धार बारीक होते, तसं हे झालं. दोन धारांमधला फरक मोजून मोटरने पाणी वाढवलं असं म्हणता येत नाही, कारण टाकीत पाणी होतं तेवढंच आहे.

संख्याशास्त्रात हे मांडायची एक रीत आहे. जेझी नेमन यांनी १९२३ साली शेतीतल्या प्रयोगांसाठी ती वापरली आणि डोनाल्ड रुबिन यांनी १९७४ पासून ती शेतीबाहेर नेली. प्रत्येक ऑर्डरला दोन संभाव्य निकाल असतात : जुन्या नियमाखाली लागला असता तो वेळ आणि नव्या नियमाखाली लागला असता तो वेळ. प्रत्यक्षात दिसतो एकच. न दिसलेल्याची जागा नाणेफेकीने पडलेला दुसरा गट भरून काढतो, पण एका अटीवर : माझ्या ऑर्डरचा निकाल मला मिळालेल्या पर्यायावरच ठरला पाहिजे, शेजाऱ्याला काय मिळालं त्यावर नाही. रायडर सामायिक असले की ही अट मोडते, मग नाणेफेक कितीही चोख असो.

तुम्हाला हवं होतं ते वेगळं : सगळं शहर नव्या नियमावर असताना आणि सगळं शहर जुन्या नियमावर असताना फरक किती? म्हणून शहर अखंड ठेवायचं आणि वेळ कापायचा. हीच गफलत उलट बाजूनेही होते, तीही ध्यानात ठेवा. नवा नियम खरोखर रायडर वाचवत असेल आणि वाचलेले रायडर दोन्ही गटांच्या उपयोगी पडत असतील, तर गटागटांत फरक दिसतच नाही आणि चांगला नियम कचऱ्यात जातो.

ब्लॉक, म्हणजे वेळेचा एक तुकडा, किती लांबीचा ठेवावा? सहकारी अर्धा तास म्हणतात, म्हणजे ब्लॉक जास्त मिळतील. दुसरे म्हणतात अख्खा दिवस ठेवा. (एक वाचक, बंगळुरू)

हा आकडा सूत्रातून निघत नाही. आधी कागदावर लिहा, नियम बदलल्यावर मागच्या नियमाचं काय काय मागे उरतं. घरपोच जेवणात चार गोष्टी उरतात. रस्त्यात असलेल्या ऑर्डरी. रायडर शहरात कुठे पांगलेत, ते स्थिरावायला एक-दोन फेऱ्या लागतात. हॉटेलच्या स्वयंपाकघरातली रांग. आणि माणसांची आठवण : दुपारी जेवण उशिरा आलं म्हणून रात्री ऑर्डर न करणारा ग्राहक. पहिल्या तीन गोष्टी काही वेळात निवतात. चौथी निवत नाही, तिच्याबद्दल पुढे एका पत्रात येईल. या उरलेल्या परिणामाला कॅरीओव्हर म्हणतात.

मग जुना डेटा काढा. पूर्वी एखादा नियम ठरावीक मिनिटाला बदलला असेल किंवा सर्व्हर काही मिनिटं बंद पडून परत सुरू झाला असेल, तर त्यानंतर दर पाच मिनिटांची सरासरी काढून ती नेहमीच्या पातळीवर यायला किती वेळ लागला ते बघा. पाऊस मात्र या कामी वापरू नका. तो थांबल्यावरही रस्ते तुंबलेले असतात, त्यामुळे कॅरीओव्हर फार लांब वाटतो.

समजा हा वेळ ३० मिनिटं निघाला. अर्ध्या तासाचा ब्लॉक म्हणजे अख्खा ब्लॉक मागच्याच्या सावलीत. दिवसभराचा ब्लॉक स्वच्छ, पण १४ दिवसांत नाणेफेकी फक्त १४. दोन तासांचा ब्लॉक मधला. सेवा सकाळी ११ ते रात्री ११ असेल तर दिवसाला ६ आणि १४ दिवसांत ८४ ब्लॉक होतात. प्रत्येक ब्लॉकची पहिली ३० मिनिटं हिशेबातून वगळायची. एक चतुर्थांश डेटा जातो, जाऊ द्या.

वगळताना होणारी एक चूक : ज्या ब्लॉकच्या आधी वेगळा पर्याय होता त्याचीच पहिली ३० मिनिटं वगळायची, सारखाच पर्याय सलग आला असेल तर ठेवायची. डेटा वाचतो खरा, पण मग काही ब्लॉकांत एक ते दीडची गर्दी धरली जाते, काहींत नाही, आणि सरासरी त्यानेच हलते. सगळ्यांतून सारखीच वगळा.

सीमेवरच्या ऑर्डरी कुठे मोजायच्या हेही आधी ठरवा. १२:५५ला नोंदलेली आणि १:२५ला पोहोचलेली ऑर्डर नोंदणीच्या वेळेनुसार ११ ते १ च्या ब्लॉकची. पोहोचण्याच्या वेळेनुसार मोजलंत तर लांबलेल्या ऑर्डरी पुढच्या ब्लॉकात ढकलल्या जातात. म्हणजे जो पर्याय ऑर्डरी रखडवतो तो त्यांचं ओझं दुसऱ्याच्या माथी मारतो.

कॅरीओव्हरने परिणाम नेहमी कमीच दिसतो असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक वेळा तसं होतं, पण नेहमी नाही. नवा नियम रायडरना दूरच्या भागात ओढून आपल्या ब्लॉकात वेळ कमी करत असेल, तर पुढच्या जुन्या ब्लॉकला रायडर पांगलेले मिळतात आणि तो उगाच वाईट दिसतो. फरक फुगतो. म्हणून ‘निदान खरा परिणाम याहून कमी नसणार’ असा दिलासा घेऊ नका.

लांबी ठरली तरी सगळे तुकडे सारखे ठेवणंच उत्तम असतं असं नाही. बोजिनोव्ह, सिमची-लेव्ही आणि झाओ यांनी २०२३ साली दाखवलं की कॅरीओव्हरची मुदत माहीत असेल, तर मधले तुकडे त्या मुदतीएवढे आणि पहिला व शेवटचा दुप्पट ठेवणं चांगलं. मुदत दोन तास आणि प्रयोग एकूण बारा तासांचा असेल तर तुकडे ४, २, २, ४ तासांचे, म्हणजे चार नाणेफेकी. त्यांची पद्धत मुदतभर एकच पर्याय सलग चालू राहिलेल्या क्षणांचाच हिशेब धरते. सुरुवातीला आणि शेवटी असे क्षण सहज हातातून निसटतात, म्हणून कडेचे तुकडे लांब.

मॅनेजर विचारतात, नाणेफेक कशाला? सरळ जुना-नवा-जुना-नवा लावा, दोघांना सारखा वाटा मिळेल. त्यांना काय सांगू? (प्रॉडक्ट टीम, मुंबई)

त्यांना वेळापत्रक काढून दाखवा. दिवसाला दोन-दोन तासांचे सहा ब्लॉक आहेत. सहा ही सम संख्या, त्यामुळे ११ ते १ ला रोज जुना, १ ते ३ ला रोज नवा, आणि रात्री ७ ते ९ ला पुन्हा रोज जुना. म्हणजे दुपारच्या जेवणाची उरलेली गर्दी कायम नव्याकडे आणि रात्रीची मोठी गर्दी कायम जुन्याकडे. महिनाभर चालवा, ही गाठ सुटणार नाही.

दुसरं कारण कॅरीओव्हरचं, आणि ते आकड्यांत मांडता येतं. समजा खरा परिणाम ३ मिनिटं आहे, ऑर्डरी वेळेत सारख्या पसरल्यात, आणि दोन तासांच्या ब्लॉकचा पहिला अर्धा तास पूर्णपणे मागच्या पर्यायासारखा वागतो. तो अर्धा तास वगळला नाही तर काय दिसेल? आलटून-पालटून लावल्यावर तो पाव भाग नेहमी विरुद्ध पर्यायाचा असतो : ३ चा पाऊण, उणे ३ चा पाव, म्हणजे १.५. नाणेफेकीत तो पाव भाग निम्म्या वेळा आपल्याच पर्यायाचा, निम्म्या वेळा दुसऱ्याचा. तिथला फरक शून्यावर येतो आणि २.२५ दिसतं. सकाळच्या पहिल्या ब्लॉकला मागचं काही नसतं, तो सोडून हा हिशेब.

निव्वळ नाणेफेकीतही एक अडचण आहे. शुक्रवारच्या रात्री दोन्ही वेळा नव्याकडेच पडू शकतात. म्हणून जोड्या लावा : पहिल्या आठवड्यातला सोमवार ११ ते १ आणि दुसऱ्या आठवड्यातला सोमवार ११ ते १, ही एक जोडी. एक नाणं उडवा. पहिल्याला जुना पडला तर दुसऱ्याला नवा. ८४ ब्लॉकांच्या ४२ जोड्या, ४२ नाणेफेकी. सगळ्या प्रयोग सुरू होण्याआधी करून वेळापत्रक जतन करा. नियंत्रण कक्षातल्या लोकांना ते देऊ नका, नव्या नियमाच्या वेळी चार रायडर जादा बोलावण्याचा मोह होतो. आणि दोन आठवड्यांपैकी एकात अनंत चतुर्दशी येणार असेल तर पुण्या-मुंबईत तारखाच बदला. त्या दिवसाला जोडीदार मिळत नाही.

आमच्या स्विचबॅकमध्ये ८४ ब्लॉकांच्या ४२ जोड्या आणि ६०,००० ऑर्डरी होत्या. नव्या नियमाने ०.४ मिनिट वाचलं, पी-व्हॅल्यू (काहीच परिणाम नसताना एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) जवळजवळ शून्य. तपासणाऱ्याने मात्र लिहिलं, ‘तुमचा नमुना ६०,००० नाही, ४२ आहे.’ हे अतीच झालं ना? (एक वाचक, हैदराबाद)

तपासणारे बरोबर आहेत, आणि स्विचबॅकमध्ये सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे. नमुना मोजताना एकच प्रश्न विचारायचा : नाणेफेक किती वेळा झाली? एका ब्लॉकमधल्या सरासरी ७१४ ऑर्डरींना (६०,००० भागिले ८४) एकच पाऊस, एकच ट्रॅफिक आणि एकच नाणेफेक मिळालेली असते. त्या एकमेकींसारख्या वागतात, म्हणून ७१४वी ऑर्डर नवं असं फारसं काही सांगत नाही.

किती फरक पडतो ते बघा. एकाच ब्लॉकमधल्या दोन ऑर्डरींमधला सहसंबंध (त्या किती एकसारख्या वागतात याचं माप) अगदी ०.०२ धरू. नमुना किती पट फुगलेला दिसतो, तो फुगवटा असा काढतात : १ अधिक (७१४ उणे १) गुणिले ०.०२, म्हणजे १५.२६. तुमच्या ६०,००० ऑर्डरींची खरी किंमत ६०,००० भागिले १५.२६, साधारण ३,९३० स्वतंत्र ऑर्डरींएवढी. स्टँडर्ड एरर (अंदाज नशिबाने किती हलू शकतो याचं माप) १५.२६च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे ३.९ पट मोठा. ऑर्डरींच्या वेळेचं प्रमाण विचलन (वेळा सरासरीभोवती किती पसरल्यात याचं माप) १० मिनिटं असेल तर ऑर्डरी सुट्या धरून स्टँडर्ड एरर ०.०८ मिनिट येतो. ब्लॉक धरून ०.३२. तुमचं ०.४ पहिल्या हिशेबात पाच पट भरतं, दुसऱ्यात सव्वा पट. पी-व्हॅल्यू ०.२ च्या आसपास जाते. सहसंबंध ०.०२ इतका लहान दिसतो म्हणून लोक तो सोडून देतात. त्याला ७१३ने गुणलं जातं हे विसरतात.

हिशेब असा करा. प्रत्येक ब्लॉकची सरासरी काढा (पहिली ३० मिनिटं वगळून). प्रत्येक जोडीत नवा उणे जुना, असे ४२ फरक. त्यांची सरासरी हा तुमचा अंदाज. आता नव्या नियमाने काहीच फरक पडत नाही असं क्षणभर धरा. तसं असेल तर प्रत्येक फरकाचं चिन्ह केवळ नाण्याने ठरलं. म्हणून कॉम्प्युटरवर ४२ फरकांची चिन्हं नाणेफेकीने उलटसुलट करून सरासरी काढा, १०,००० वेळा. त्यातल्या किती सरासऱ्या, चिन्ह न बघता, तुमच्या खऱ्या सरासरीएवढ्या किंवा मोठ्या आल्या? तो वाटा म्हणजे पी-व्हॅल्यू. प्रयोगात झालेली नाणेफेकच तुम्ही पुन्हा खेळता आहात, त्यामुळे वेळा घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वक्रात बसतात की नाही याची काळजी करावी लागत नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी नाणेफेकीलाच परीक्षेचा पाया मानलं ते या अर्थाने.

प्रयोग आखतानाच हा आकडा काढला असता तर निराशा वाचली असती. जोड्यांमधल्या फरकांचं प्रमाण विचलन २.१ मिनिटं असेल तर स्टँडर्ड एरर २.१ भागिले ४२ चं वर्गमूळ, ०.३२. पाच टक्के पातळीवर (पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली) पाचपैकी चार वेळा पकडता येईल असा सर्वांत लहान परिणाम त्याच्या २.८ पट : ०.९ मिनिट. अर्ध्या मिनिटाच्या आतला परिणाम शोधायचा तर चौपट जोड्या, म्हणजे आठ आठवडे. नाहीतर शहरं वाढवा. पुणे आणि नाशिक यांचे रायडर वेगळे, तिथे स्वतंत्र नाणी उडवता येतात. पुण्यातल्याच कोथरूड आणि बावधन यांचे एकच. तिथे दोन नाणी उडवली तर पहिल्या पत्रातली गफलत मागच्या दाराने परत येते.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण तपासाच : दोन्ही पर्यायांत ऑर्डरींची संख्या सारखी राहिली का? नव्या नियमात ॲप ‘५० मिनिटं लागतील’ असं दाखवत असेल आणि लांबचे ग्राहक ऑर्डरच करत नसतील, तर सरासरी वेळ कमी होतो, पण गिऱ्हाईक गमावून. प्रत्येक ब्लॉकमध्ये पूर्ण झालेल्या ऑर्डरींचा फरकही वेळेच्या बरोबरीने छापा.

दुभत्या गाईंच्या खाद्यप्रयोगात आम्ही अ-ब-अ अशी पद्धत शिकलो, तिलाही स्विचबॅक म्हणतात. ॲपवाल्यांची पद्धत आणि ही एकच का? (पशुविज्ञानाची विद्यार्थिनी, अहिल्यानगर जिल्हा)

मूळ तुमच्याकडचं आहे. अमेरिकेतल्या आयोवात १९३८ साली ब्रँट यांनी या प्रयोगांची गणिती परीक्षा मांडली. १९४१ साली कॉक्रन, ऑट्री आणि कॅनन यांनी गाईंच्या खाद्यासाठी पर्याय आलटून देण्याची अशी रचना दिली, की मागच्या खाद्याचा उरलेला परिणामही वेगळा काढता यावा. ॲपवाल्यांनी हे नाव फार नंतर उचललं.

गाईची अडचण वेगळी आहे. विल्यानंतर सुमारे सहा ते आठ आठवड्यांत दूध कमाल पातळीला जातं आणि मग हळूहळू उतरतं. खाद्य बदलो न बदलो, पुढच्या कालखंडात दूध कमीच. एक गाय घ्या. पहिल्या कालखंडात खाद्य अ, दूध रोज १२.० लिटर. दुसऱ्यात खाद्य ब, ११.९ लिटर. तिसऱ्यात पुन्हा अ, १०.८ लिटर. पहिले दोनच कालखंड पाहिले तर ब ने ०.१ लिटर घटवलं. पण दोन अ ची सरासरी ११.४, आणि त्याहून ब चा मधला आकडा ०.५ ने वर आहे. उतार सरळ रेषेत असेल तर मधल्या कालखंडाची तुलना दोन्ही बाजूंच्या सरासरीशी केल्याने तो पूर्ण पुसला जातो. निम्म्या गाईंना अ-ब-अ, निम्म्यांना ब-अ-ब, आणि कोणती गाय कुठे हे नाणेफेकीने.

उतार सरळ नसेल तर मात्र पुसला जात नाही. कमाल पातळीच्या आधीच प्रयोग सुरू केला तर पहिला कालखंड चढणीचा आणि तिसरा उतरणीचा होतो, आणि मधल्या खाद्याला फुकट श्रेय मिळतं. म्हणून विल्यापासून दोन-अडीच महिने झालेल्या गाई घ्या. कालखंड साधारण तीन आठवड्यांचा ठेवतात. पहिले दोन आठवडे कोठीपोटातल्या जिवाणूंना नव्या खाद्याची सवय होण्यासाठी सोडून देतात, मोजतात शेवटचा आठवडा. ॲपवाल्यांची ३० मिनिटं ती हीच. एखादीला मधेच कासदाह झाला तर त्या गाईचा तिहेरी संचच मोडतो, म्हणून एक-दोन गाई जास्त घेऊन ठेवा. गाभण राहण्याचं प्रमाण किंवा वजनवाढ मोजायची असेल तर ही रचना वापरू नका, वाढलेलं वजन तीन आठवड्यांत माघारी जात नाही.

चार खाद्यं असतील तर ई. जे. विल्यम्स यांची १९४९ ची मांडणी वापरा. चार गाई, चार कालखंड : पहिलीला अ-ब-ड-क, दुसरीला ब-क-अ-ड, तिसरीला क-ड-ब-अ, चौथीला ड-अ-क-ब. यात प्रत्येक खाद्य प्रत्येक कालखंडात एकदा येतं आणि दुसऱ्या प्रत्येक खाद्याच्या पाठोपाठ बरोबर एकदा येतं. पेन घेऊन बाराही जोड्या तपासून पाहा, फार देखणी रचना आहे.

बारामतीकडे पूर्वी विमानातून ढगांवर मीठ फवारून पावसाचे प्रयोग झाले होते. पाऊस मुळातच लहरी, तो मिठानेच पडला हे कसं ठरवलं? (शेतकरी वाचक, बारामती तालुका)

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या पर्जन्यछायेत ११ पावसाळे हा प्रयोग केला : १९७३, १९७४, १९७६ आणि मग १९७९ ते १९८६ सलग. दोन क्षेत्रं, मध्ये मोकळा पट्टा. कोणत्या क्षेत्रावरच्या ढगांत मीठ सोडायचं हे नाणेफेकीच्या तत्त्वाने ठरायचं, दुसरं क्षेत्र त्या दिवशी तुलनेला. मधला पट्टा वाऱ्याने मीठ पलीकडे जाऊ नये म्हणून. वेळेत जी ३० मिनिटं वगळतो, तेच काम इथे जमीन करते.

अशा दुहेरी क्षेत्राचा हिशेब हाताने करता येतो. समजा उत्तरेत मुळातच दक्षिणेपेक्षा सव्वापट पाऊस पडतो. उत्तरेत मीठ सोडलेल्या दिवशी उत्तर भागिले दक्षिण हे प्रमाण १.५ आलं, आणि दक्षिणेत सोडलेल्या दिवशी दक्षिण भागिले उत्तर ०.९६. गुणाकार १.४४, वर्गमूळ १.२. सव्वापटीचा मूळ फरक एकदा वर आणि एकदा खाली येऊन कटला. उरली ती २० टक्के वाढ मिठाची. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

प्रत्यक्ष प्रयोगात १ किलोमीटरपेक्षा जाड आणि भरपूर पाणी असलेल्या ढगांत पाऊस २४ टक्के वाढला, ४ टक्के सार्थकता पातळीवर, म्हणजे पी-व्हॅल्यू ०.०४ च्या आसपास. उथळ ढग मीठ पडल्यावर विरण्याकडे झुकले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दुसरा भाग तितकाच मोलाचा आहे : पातळ ढगावर फवारणी म्हणजे उलट नुकसान होऊ शकतं. अशी जाड-पातळ वर्गवारी कुठेही वाचाल तेव्हा जाडी फवारणीच्या आधी मोजली होती का, ते विचारा. नंतर मोजलेली जाडी मिठानेच बदललेली असू शकते.

स्विचबॅक कुठे करू नये? आणि स्वतः शिकायचं असेल तर सुरुवात कशी करावी? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर)

जिथे परिणाम माणसाच्या आठवणीत राहतो तिथे करू नये. दुपारी ४० रुपये आणि रात्री २० रुपये डिलिव्हरी शुल्क दिसलं तर ग्राहक स्वस्त वेळेची वाट बघायला शिकतो. रायडरचा मोबदला दर दोन तासांनी बदलला तर तेही काम त्या वेळेकडे सरकवतात. अशा गोष्टींसाठी अख्खी शहरं गटांत वाटा आणि काही आठवडे एकाच पर्यायावर ठेवा. जिथे परस्पर-प्रभावच नाही, उदाहरणार्थ एखाद्या पडद्यावरच्या बटणाची जागा, तिथे ग्राहकांचे साधे दोन गट पुरतात. नाणेफेकी हजारोंनी मिळतात, त्या सोडून ४२वर का यायचं?

शिकण्यासाठी पुस्तकाआधी खोटा डेटा तयार करा, कारण त्यात खरं उत्तर तुम्हाला माहीत असतं. ८४ ब्लॉक घ्या, प्रत्येकात ७१४ ऑर्डरी. प्रत्येक ब्लॉकला एक यादृच्छिक धक्का द्या, प्रमाण विचलन १.४ मिनिटं. प्रत्येक ऑर्डरला स्वतःचा धक्का, प्रमाण विचलन ९.९. दोन्ही ३५ मध्ये मिळवा. नव्या नियमाचा परिणाम शून्य ठेवा. जोड्यांत नाणेफेक करा आणि दोन परीक्षा लावा : एक सगळ्या ऑर्डरी सुट्या धरून, दुसरी ४२ फरकांच्या चिन्हांची. हे १,००० वेळा चालवा. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली किती वेळा आली ते मोजा. दुसऱ्या परीक्षेत सुमारे ५० वेळा येईल, यायला हवी तेवढीच. पहिल्या परीक्षेत सुमारे ६०० वेळा येईल, आणि त्या सगळ्या वेळा नियमाने काहीही केलेलं नसेल.

मग परिणाम ३ मिनिटं ठेवा, प्रत्येक ब्लॉकचा पहिला पाव भाग मागच्या ब्लॉकच्या पर्यायाने चालू द्या, आणि अंदाज किती खाली येतो ते बघा. पाव भाग वगळून पुन्हा चालवा. शेवटी मागचा परिणाम ३० ऐवजी ७० मिनिटं टिकतो असं करा, पण वगळताना ३०च वगळा. अंदाज पुन्हा तीनच्या खाली जाईल. मात्र प्रत्येक ब्लॉक तुम्हाला दिसायला पहिल्यासारखाच स्वच्छ दिसेल.